कडाक्याचा हिवाळा आणि पाखरांचे जगणे

नागपूर म्हटले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो येथील उन्हाळा. परंतु या नगरीचा हिवाळाही प्रसंगी उग्र रूप धारण करतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी पहाटे येथील किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले आणि जानेवारी १९३७ मध्ये नोंदला गेलेला ३.९ अंशांचा जुना नीचांक मागे पडला. उत्तरेकडून येणारे कोरडे वारे आणि निरभ्र आकाश यांचा योग जुळून आला की रात्री जमिनीची ऊब झपाट्याने निघून जाते आणि अशी पहाट उगवते. त्या वेळी महालातील गल्ल्यांमधून शेकोट्या पेटतात, दुकाने उशिरा उघडतात, कपाटातील रजया आणि शाली बाहेर निघतात. मनुष्य आपला बंदोबस्त करून घेतो. मात्र चिटणीस पार्कच्या झाडांवर किंवा शुक्रवारी तलावाच्या काठी रात्र काढणाऱ्या पाखरांना ना छप्पर, ना पांघरूण. अशी रात्र ती कशी निभावतात, किती निभावतात आणि किती जात नाहीत, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसून जीवदयेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाच्या आस्थेचा आहे. या प्रश्नाला इतिहासाने जी उत्तरे दिली आहेत, त्यांचा हा संक्षिप्त आढावा.

पक्ष्याच्या शरीराचा जमाखर्च

पक्ष्याच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा अधिक, म्हणजे साधारणपणे ४० ते ४२ अंश असते. बाहेर चार अंश तापमान असेल तर आतील आणि बाहेरील तापमानांत छत्तीस अंशांहून अधिक अंतर पडते, आणि हे अंतर रात्रभर सांभाळावे लागते. शरीर जितके लहान तितकी ऊब लवकर निसटते. नागपूरच्या बागांतून फुलांवर भिरभिरणारा शिंजीर वजनाने दहा ग्रॅमही भरत नाही. एवढ्याशा देहात साठवण ती किती असणार? दिवसभर जे मिळवावे ते रात्री खर्च करावे आणि पहाटे रित्या खिशाने पुन्हा कमाईला निघावे, असा त्याचा रोजमेळ असतो. मागील शिल्लक जवळजवळ नसतेच.

डिसेंबरअखेर नागपुरात रात्र सुमारे तेरा तासांची असते. एवढा वेळ अन्नाचा कणही पोटात न जाता उबेचा खर्च मात्र चालूच राहतो. हा खर्च कमी करण्याच्या अनेक युक्त्या निसर्गाने पाखरांना दिलेल्या आहेत. ती पिसे फुलवतात, त्यामुळे पिसांच्या आत हवेचा थर अडकतो आणि तोच त्यांची रजई होतो. चोच पाठीच्या पिसांत खुपसली जाते, एक पाय पोटाशी ओढून घेतला जातो. पाण्यात उभ्या असणाऱ्या पक्ष्यांच्या पायांतील शुद्ध व अशुद्ध रक्ताच्या वाहिन्या परस्परांना लगटून असतात. त्यामुळे खाली जाणारे उष्ण रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला आपली ऊब देऊन मगच पुढे जाते. वेडे राघू थंडीच्या पहाटे एकाच फांदीवर अंगाला अंग भिडवून ओळीने बसलेले दिसतात. पिंगळ्यांची जोडी ढोलीच्या तोंडाशी येऊन कोवळे ऊन खात बसते.

या सर्व युक्त्या पोट भरलेले असेपर्यंतच उपयोगी पडतात. वेडा राघू उडते कीटक पकडून जगतो, आणि ऊन तापल्याखेरीज कीटक उडत नाहीत. धुके दुपारपर्यंत रेंगाळले, तर त्याची कमाई थांबते आणि खर्च मात्र थांबत नाही. म्हणूनच पक्षिशास्त्रज्ञांनी जगभरच्या कठोर हिवाळ्यांचा अभ्यास करून जो निष्कर्ष काढला, तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. निरोगी आणि पोटभर जेवलेल्या पक्ष्याला केवळ थंडी क्वचितच मारते. बहुधा त्याचा बळी जातो तो थंडीने अन्नाची वाट अडवल्यामुळे.

इतिहासातील दोन हिवाळे

पाखरांवरील हिवाळी आघाताची एक पद्धतशीर नोंद अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या गावी झाली. १ फेब्रुवारी १८९८ रोजी तेथे बर्फ, पाऊस आणि गारठा यांचे भयंकर वादळ झाले. त्यानंतर जमिनीवर निपचित पडलेल्या १३६ चिमण्या प्राध्यापक हर्मन बंपस यांच्या प्रयोगशाळेत आणण्यात आल्या. त्यांतील ७२ चिमण्या सावरल्या आणि ६४ मरण पावल्या. बंपस यांनी प्रत्येक चिमणीचे वजन, लांबी, पंख, चोच, पाय यांची बारकाईने मापे घेऊन ती प्रसिद्ध केली. ज्यांची मापे सर्वसाधारण प्रमाणापासून फार दूर होती, अशा चिमण्या अधिक संख्येने दगावल्या, असे त्यांनी दाखवून दिले. डार्विनने मांडलेली निसर्गाची निवड प्रत्यक्षात कशी होते, याचे हे प्रारंभीचे उदाहरण म्हणून आजही ही मापे अभ्यासली जातात.

दुसरा हिवाळा ब्रिटनमधील १९६२-६३ चा. नाताळच्या सुमारास पडू लागलेले बर्फ मार्चपर्यंत वितळले नाही. मध्य इंग्लंडच्या तापमान नोंदींनुसार १७४० नंतरचा तो सर्वाधिक थंड हिवाळा होता. तळी आणि नद्या गोठल्या, काही ठिकाणी समुद्राचा किनाराही गोठला. बगळ्यांच्या घरट्यांची गणना तेथे १९२८ पासून दरवर्षी होत असल्यामुळे नुकसानीचा अंदाज करता आला. इंग्लंड व वेल्समधील राखी बगळ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. रेन नावाचा चिमुकला कीटकभक्षी पक्षी तीन-चतुर्थांशांहून अधिक घटला. खंड्या तर कित्येक नद्यांवरून दिसेनासा झाला.

येथे कोण गेले आणि का गेले, हे पाहण्यासारखे आहे. बगळ्याची आणि खंड्याची मासळी बर्फाच्या खाली अडकली. रेनचे कोळी आणि कीटक हिमाच्या थराखाली गाडले गेले. ज्यांच्या ताटावर झाकण बसले, तेच अधिक संख्येने गेले. त्या हिवाळ्यात असंख्य नागरिकांनी आपल्या अंगणात पाखरांसाठी अन्न ठेवले. पुढे काही सौम्य हिवाळे आले आणि दहा-बारा वर्षांत रेनची संख्या भरून निघाली. झाडी, नद्या आणि तळी जागच्या जागी राहिली, तर एका वाईट हिवाळ्याची तूट पाखरे पुढील काही विणींत भरून काढतात. ठिकाणच नाहीसे झाले, तर सौम्य हिवाळाही त्यांना वाचवू शकत नाही.

विदर्भात पाणी गोठत नाही. येथील हिवाळ्याचा आघात थंडीपेक्षा अवकाळी गारपिटीतून अधिक होतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये भंडारा जिल्ह्यातील तुमसर येथे झालेल्या गारपिटीत झाडांवर रातथाऱ्याला बसलेले शेकडो पोपट मृत्युमुखी पडले. थवा एकत्र बसतो तो परस्परांच्या सोबतीसाठी आणि संरक्षणासाठी. गारांपुढे मात्र तीच सवय घातक ठरली.

थंडीपासून पळणारे प्रवासी

ज्या प्रदेशात पाणी गोठते, तेथील असंख्य पक्षी हिवाळ्याशी झुंज न देता तो टाळतात. मंगोलिया, तिबेट, मध्य आशिया आणि सैबेरिया या भागांत आश्विनातच तळी गोठू लागतात. तेव्हा बदके, कादंब आणि करकोचे दक्षिणेची वाट धरतात. चातुर्मास संपून साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो, त्याच सुमारास विदर्भाच्या तलावांवर हे पाहुणे उतरू लागतात. तलवार बदक, थापट्या, चक्रांग आणि मोठी लालसरी येतात. पाठोपाठ धोबी, शंकर, भोरड्या येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. त्याने सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उड्डाण केल्याची नोंद आधुनिक यंत्रांनी केलेली आहे. साधारणतः होळीनंतर ही मंडळी परतीला लागतात.

जैन बांधवांना या पाहुण्यांपैकी दोन नावे वेगळ्या कारणाने परिचित आहेत. पाचवे तीर्थंकर भगवान सुमतिनाथ यांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच, तर दिगंबर परंपरेत चकवा मानले जाते. चकवा म्हणजेच चक्रवाक, ज्याला काही ठिकाणी ब्राह्मणी बदक असेही म्हणतात. हा केशरी-बदामी रंगाचा पक्षी लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी पिले वाढवतो आणि हिवाळ्यात मैदानी तलावांवर येतो. मूर्तीच्या आसनावर कोरलेले हे चिन्ह भारतीयांच्या जुन्या निसर्गपरिचयाचीही साक्ष देते.

हे पाहुणे येथे उतरतात, त्यामागे माणसाच्या हातचे कामही आहे. विदर्भातील बहुतेक तलाव निसर्गनिर्मित नाहीत. महालालगतचा शुक्रवारी तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, अठराव्या शतकात गोंड राजा चांद सुलतान याच्या काळात नगराच्या पाण्यासाठी निर्माण झाला. अंबाझरी तलाव १८७० च्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी उपयोगात आला. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने धानशेतीसाठी हजारो तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधला, असे सांगितले जाते. ज्यांनी हे बांध घातले, त्यांच्या डोळ्यांपुढे पीक होते आणि गावाची तहान होती. परंतु त्यांच्या पुण्याईने दूरदेशीच्या पाखरांचीही सोय झाली. नवेगावच्या या पक्षिवैभवाची ओळख मराठी वाचकांना करून दिली ती अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी. वनसेवेतील अनुभवांवर आधारित त्यांच्या लेखनामुळे कित्येक पक्ष्यांची गावरान नावे मराठीत टिकून राहिली. १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

नागपूरच्या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद करण्याचे श्रेय मध्यवर्ती संग्रहालयाकडे, म्हणजेच लोकांच्या परिचयाच्या अजब बंगल्याकडे जाते. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाशी संबंधित ई. ए. डीअब्रू यांनी मध्य प्रांतातील पक्ष्यांची सूची १९३५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याआधी १९२६-२७ च्या सुमारास धार संस्थानच्या पवार महाराजांच्या आश्रयाने पक्ष्यांच्या पायांत क्रमांकांची कडी घालण्याचा भारतातील पहिला उपक्रम झाला होता. पुढे १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर चालले. अशा कड्यांमुळेच येथे उतरणारी बदके मध्य आशिया व सैबेरियातून येतात, हे अनुमान न राहता सिद्ध झाले. मंगोलियात मानेभोवती क्रमांकाचा पट्टा बांधलेले पट्टकादंब नागपूर परिसरातील तलावांवरही आढळले आहेत.

थंडीतून वाचले, माणसापुढे हरले

थंडीपासून वाचण्यासाठी हजारो मैल येणाऱ्या पाखरांचे स्वागत नेहमीच चांगले झाले, असे मात्र नाही. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी आयोजित शिकारीत एकाच दिवशी ४,२७३ पक्षी मारले गेले. तेथील शिलालेखावर हा आकडा गौरवाने कोरलेला आहे. जी पाखरे सैबेरियाच्या हिवाळ्याला चुकवून आली, ती भारताच्या कोवळ्या उन्हात बंदुकीला बळी पडली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. पुढे भरतपूर राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरले.

परंतु एका पाहुण्यासाठी हा बदल उशिरा झाला. सैबेरियन क्रौंच हा शुभ्र, तांबड्या चेहऱ्याचा, माणसाच्या छातीएवढा उंच पक्षी. पश्चिम सैबेरियातून अफगाणिस्तानमार्गे तो हिवाळ्यात भारतात येत असे. जुन्या नोंदींनुसार त्याच्या हिवाळी मुक्कामाची दक्षिण सीमा नागपूरपर्यंत पोहोचलेली होती. ज्या प्रदेशाच्या आकाशात आज फार तर विमानांची ये-जा दिसते, तेथे एकेकाळी हे शुभ्र पंख उतरत होते. भरतपुरात १९६० च्या दशकात सुमारे दोनशे सैबेरियन क्रौंच येत. ती संख्या दरवर्षी घटत गेली आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात केवळ एक जोडी दिसली. त्यानंतर भरतपुरात सैबेरियन क्रौंच आलेला नाही.

या पक्ष्याला थंडीने मारले नाही. त्याच्या पूर्वजांनी तसले हिवाळे युगानुयुगे पार केले होते. वाटेवरील शिकार आणि विसाव्याच्या पाणथळ जागांचा नाश यांनी त्याचा मार्ग संपवला. ब्रिटनमध्ये १९६३ नंतर रेन परत आला, कारण त्याची झाडी त्याची वाट पाहत होती. सैबेरियन क्रौंचाच्या वाटेवर तसे कोणी उरले नाही. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की हिशेब स्पष्ट होतो. हिवाळा ऋण देतो आणि वसंत ते फेडून घेतो. माणसाने केलेली तूट मात्र आपोआप भरून निघत नाही.

आदरातिथ्याची दुसरी बाजू

याच देशात, याच काळात, याच्या अगदी उलट घडल्याचे उदाहरणही आहे, आणि ते जैन समाजाला अभिमान वाटावा असे आहे. राजस्थानातील फलोदीजवळ खीचन हे मरुभूमीतील लहानसे गाव. मंगोलिया व मध्य आशियातून येणारे कांड्या करकोचे, ज्यांना तेथे कुरजां म्हणतात, या गावाजवळ हिवाळ्यात उतरतात. गावातील जैन कुटुंबांनी त्यांना धान्य घालण्यास प्रारंभ केला. पाखरांची संख्या वाढली तसे चुग्गाघर म्हणून कुंपण घातलेले स्वतंत्र मैदान निर्माण झाले, दात्यांनी धान्याची व्यवस्था केली. सप्टेंबर ते मार्च या काळात तेथे हजारो करकोचे रोज सकाळी शिस्तीने उतरतात. खीचनच्या या पाणथळ क्षेत्राला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. शतकानुशतके चाललेल्या व्यापारी पेढ्यांनी आपल्या जमाखर्चात पाखरांच्या धान्याचे खाते उघडले, त्याला मिळालेली ही जागतिक पावती म्हणावी लागेल.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारातील धर्मादाय पक्षी रुग्णालयाचा उल्लेखही येथे केला पाहिजे. १९२९ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात जखमी व आजारी पाखरांवर विनामूल्य उपचार होतात. बरे झालेले पक्षी पुन्हा आकाशात सोडले जातात.

महालातील पाखरांसाठी

इतिहासाच्या या आढाव्यातून महालवासीयांनी काय घ्यावे? चौकात टाकलेल्या धान्याने कबुतरांचे पोट भरते, पण पट्टकादंब, धोबी किंवा वेडा राघू त्या धान्यावर येत नाहीत. त्यांना हवा असतो शांत, उथळ आणि स्वच्छ पाण्याचा काठ, काठावरील पाणवनस्पती, कीटकांना आश्रय देणारी झुडपे आणि रात्रीच्या विसाव्यासाठी मोठी झाडे. म्हणून तलावाचा काठ सिमेंटने बांधून काढण्याआधी पाखरांच्या ताटाचा विचार व्हावा. जुने वड, पिंपळ, उंबर तोडण्याआधी ते किती पाखरांचा रातथारा आहे, हे पाहिले जावे. चिमण्या, मुनिया यांसाठी ज्वारी-बाजरीचे दाणे आणि मातीच्या भांड्यात स्वच्छ पाणी हिवाळ्यातही ठेवावे. फरसाण, शेव, ब्रेड यांसारखे खारट-तेलकट पदार्थ मात्र टाळावेत. हिवाळ्याच्या पहाटे पहिले दोन तास हे पाखरांच्या कमाईचे सर्वांत मोलाचे तास असतात. त्या वेळी अन्न शोधणाऱ्या थव्याला उगाच उडवू नये, कारण प्रत्येक उड्डाण त्याच्या रित्या तिजोरीतून होते.

नागपूरकरांची आणखी एक जबाबदारी आहे. मकर संक्रांत ऐन थंडीत येते आणि नागपूरचे आकाश पतंगांनी भरून जाते. पाखरे पहाटे रातथाऱ्यावरून निघतात आणि संध्याकाळी परततात, तेव्हा आकाशातील मांजा त्यांना घातक ठरतो. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरीही पंख कापलेली पाखरे दर संक्रांतीला सापडतात. सेमिनरी हिल्स येथील वन विभागाच्या उपचार केंद्रात अशा पाखरांवर उपचार होतात. परंतु उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेष्ठ. घरातील मुलांनी साधा सुती दोरा वापरावा, पहाटे व सायंकाळी पतंग उडवू नये, झाडांवर अडकलेला मांजा सण संपल्यावर काढून टाकावा. एवढे प्रत्येक घराने केले, तरी पाखरांचे मोठे संकट टळेल.

शुक्रवारी तलावाच्या काठी दर कार्तिकात हे पाहुणे उतरोत किंवा न उतरोत, पण विदर्भाच्या एखाद्या तरी तलावावर मंगोलियाचा कादंब दरवर्षी उतरतो आहे. त्याने बर्फाला मागे टाकले आहे, हिमालय ओलांडला आहे. उरलेल्या चार महिन्यांची जबाबदारी आता यजमानांची आहे. खीचनच्या गावकऱ्यांनी ती उचलून दाखवली. ज्यांच्या भूमीवर एकेकाळी शुभ्र क्रौंच उतरत असे, त्या नागपूरच्या समाजालाही ती अवघड नाही.